तीन छोट्या भाषा आणि धम्मप्रिया वाठोरे

धम्मप्रिया वाठोरे आमच्या लातूरच्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकवते आणि मी मराठी. दोन्ही विभागांना मिळून एकच स्टाफरूम आहे आणि तिथं एकच पंखा धड चालतो. त्यामुळं आमची टेबलं शेजारी आली. ती लॅपटॉपवर वैतागायची, मी उत्तरपत्रिकांवर. हळूहळू कोण कशावर वैतागलंय हे एकमेकांना न सांगता कळायला लागलं.

ती मूळची हिमायतनगरची. वडील व्यंकटी वाठोरे पोस्टमन होते. मुलीचं नाव त्यांनी स्वतः निवडलं, आणि ते कुणी अर्धवट लिहिलं की त्यांना खपायचं नाही. शाळेत गुरुजींनी नुसतं 'प्रिया' लिहिलं, तेव्हा व्यंकटरावांनी सायकल काढली आणि शाळेत जाऊन ते दुरुस्त करून घेतलं. नांदेडला एम.एस्सी. करून ती तासिका तत्त्वावर आमच्याकडं लागली. हुशार बाई. पण हुशारीचा एक तोटा असतो: समोरचा चुकीचं बोलला की तिला गप्प बसवत नाही.

एका सकाळी तिचे विभागप्रमुख शिवप्रसाद बिराजदार सर स्टाफरूममध्ये आले.

"मॅडम, नवा अभ्यासक्रम येतोय. त्यात फंक्शनल प्रोग्रामिंगचा एक ऐच्छिक पेपर टाकायचा विचार हाय. एखादी छोटी, फुकटातली, ओपन सोर्स भाषा बघा. आपल्या लॅबच्या जुन्या मशीनवर पळाली पाहिजे. दोन-तीन भाषांची तुलना करा आणि नांदेडला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढं मांडा."

तिचा चेहरा इतका उजळला, की मला पंख्याचा वेग वाढल्यासारखं वाटलं. सर गेल्यावर मी विचारलं, "ही फंक्शनल काय भानगड असते?"

"सर, नेहमीच्या प्रोग्रामात एक डबा घेतात. त्यात साखर भरतात. मग साखर काढून त्यातच मीठ भरतात. मध्येच कुणी विचारलं, डब्यात काय आहे, तर खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. फंक्शनल भाषेत एकदा साखर भरली की तो साखरेचाच डबा. मीठ पाहिजे? दुसरा डबा घ्या. मग चहा खारट होत नाही."

"आणि ओपन सोर्स?"

"भाषेचं आतलं सगळं उघडं असतं. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. मोठ्या भाषांमागं मोठ्या कंपन्या असतात. या छोट्यांमागं कुठं पाच माणसं, कुठं एकच. आपापली नोकरी सांभाळून करतात बिचारे."

तिनं तीन भाषा निवडल्या. त्यांची परदेशी नावं बिराजदार सरांच्या तोंडात बसेनात. त्यांनी वयाप्रमाणं थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं पाडली, आणि स्टाफरूममध्ये तीच रूढ झाली. मीही तीच वापरतो.

तुलना करायची तर तिन्हींना एकच काम देऊन बघायला हवं. तिनं ओळखपत्राचं काम घेतलं. आमच्या कॉलेजची ओळखपत्रं बाहेरचा एक ठेकेदार छापायचा, आणि त्याचा प्रोग्राम लांब नावं मागून कापायचा. तिच्या गळ्यातल्या कार्डावर 'वाठोरे धम्मप्' असं छापलेलं होतं. 'प'चा पाय मोडून पुढचं गायब. एका वात्रट विद्यार्थ्यानं 'धम्मप् मॅडम' म्हणायला सुरुवात केली, आणि तिनं त्याला वर्गाबाहेर नाही काढलं. फळ्यावर पूर्ण नाव लिहून वाचायला लावलं. तेव्हा नाव न तोडणारं ओळखपत्र तिन्ही भाषांत करून बघायचं, असं तिनं ठरवलं.

थोरलीपासून सुरुवात झाली. ही भाषा फार सभ्य. चूक झाली की बाकीच्या भाषा अंगावर येतात, ही समजावून सांगते: इथं तुम्ही आकडा दिलाय, मला शब्द हवा होता, तुम्हाला अमुक तर म्हणायचं नव्हतं ना? पहिले काही दिवस धम्मप्रिया खूश होती. मग तिला एक अडचण आली. उत्तर शोधायला गेली, तर तीच अडचण दुसऱ्या कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी विचारलेली, आणि खाली उत्तर: 'पुढच्या आवृत्तीत बघू.' पुढची आवृत्ती काही आलेली नव्हती.

"सर, आदबीनं बोलते पण दारच उघडत नाही," ती म्हणाली. "लखनौचं घर आहे नुसतं."

त्यात थोरलीनं तिच्या नावात दहा अक्षरं मोजली.

"दहा?" मी बोटांवर मोजलं. ध, म्म, प्रि, या. "चार की हो!"

"संगणकात 'प्रि' एक नसतं, सर. प, मग पाय मोडायची खूण, मग र, मग वेलांटी. ही प्रत्येक तुकडा वेगळा मोजते. अशा मोजणीनं कापलं, की मधेच तोडणार."

बिराजदार सर तेवढ्यात आले होते. त्यांनी शाळेत व्याकरण चांगलं केलेलं होतं. "ध् अ म् म् अ प् र् इ य् आ. दहाच वर्ण होतात की! बरोबर हाय थोरली."

"सर, तो योगायोग आहे!" ती उठूनच उभी राहिली. लॅबमधला सहायक वकार दारात होता, त्याला तिनं आत बोलावलं. "वकारभाई, तुमचं नाव घ्या. व, का, र. तीन अक्षरं. वर्ण मोजले तर सहा. आणि थोरली म्हणते चार! कशाशीच जुळत नाही!"

वकार हसला. "मॅडम, माझं नाव कुठं बी बसतंय. मला नका ओढू यात."

"दहा बरोबर हाय म्हणून लिहा तरी अहवालात," बिराजदार सर म्हणाले आणि गेले.

मधली निघाली खटपटी. नवीन, उत्साही, तिच्या गप्पांच्या पानावर कधीही प्रश्न टाका, कुणीतरी लगेच उत्तर देणार आणि वर आभारही मानणार. जोडाक्षर काय असतं याची तिला थोडी कल्पना होती. लॅबच्या मशीनवर तिनं धम्मप्रियाच्या नावात सहा अक्षरं मोजली. धम्मप्रियानं तोच प्रोग्राम स्वतःच्या लॅपटॉपवर चालवला. चार आली.

ती थेट माझ्या तासाला वर्गाच्या दाराशी आली. "सर, एक मिनिट. तोच प्रोग्राम, तीच भाषा, इथं सहा आणि तिथं चार! मला येडं करून राहिलेत हे लोक!"

शोधल्यावर कळलं ते असं. मधली स्वतः अक्षरं मोजत नव्हती. तिच्याखाली दुसऱ्याच लोकांनी बनवलेलं एक भक्कम इंजिन होतं, ती त्याला विचारायची. लॅबमधल्या इंजिनाची आवृत्ती जुनी होती. त्याला 'म्' आणि 'म' वेगळे वाटत. लॅपटॉपवरची नवी, तिला जोडाक्षराचा नवा नियम ठाऊक होता. तिनं गप्पांच्या पानावर तक्रार टाकली. लगेच गोड उत्तर आलं: अक्षर म्हणजे तुम्ही काय धरता, त्यावर ते अवलंबून आहे.

"अवलंबून!" ती लॅपटॉपकडं बोट दाखवत म्हणाली. "पहिलीतल्या पोराला विचारा ना, ते सांगेल!"

धाकटीची तर वेगळीच तऱ्हा. वेगाला विजेसारखी, जुन्या मशीनवरही पळायची, पण तिचं अजून बांधकामच चालू. तिचे कर्ते तिला मुळापासून नव्यानं लिहीत होते आणि तसं प्रामाणिकपणे सांगतही होते. धम्मप्रियानं सोमवारी लिहिलेला प्रोग्राम शनिवारी चालेना, कारण मधल्या दिवसांत लिहायची पद्धतच बदललेली. तिनं तो नव्या पद्धतीनं लिहिला. पुन्हा बदलली.

"वकारभाई," ती लॅबमध्ये कपाळाला हात लावून म्हणाली, "राहत्या घराचा जिना रोज दुसऱ्या भिंतीला लावून राहिले हे."

"मग राहू नका ना मॅडम तिथं."

"पण घर लई भारी होणार आहे हो!"

सरतेशेवटी तिनं अहवाल लिहिला. प्रामाणिक अहवाल. थोरली शिकायला उत्तम पण थांबलेली. धाकटीवर नजर ठेवावी, पण पोरांना आज देऊ नये. मधली घ्यावी, मात्र लॅबमधलं इंजिन नवं करून घ्यावं. कोणत्या कामाला कोणती, हे उदाहरणं देऊन लिहिलं होतं. मी भाषा तपासून दिली. एक शब्दही जास्तीचा नव्हता.

बिराजदार सरांनी तो चाळला. "हे 'अवलंबून आहे' काढा सगळीकडचं. मंडळाला तसलं चालत न्हाई. एक तक्ता करा. भाषा, आणि पुढं मार्क."

"सर, मार्क कसे देणार? तिन्ही वेगळ्या कामाच्या आहेत."

"शंभरपैकी द्या."

तिनं दिले नाहीत. त्यांनी स्वतःच दिले. थोरलीला सगळ्यात जास्त, कारण तिचे दहा वर्ण बरोबर आले होते.

नांदेडला बैठकीच्या दिवशी बिराजदार सर सकाळी उठले आणि त्यांना घरचं लग्न आठवलं. तेव्हा ती एकटीच एसटीनं गेली. पुढचं मला तिनंच सांगितलं.

मंडळात पाच-सहा जण होते. तिनं डब्यांचं उदाहरण देऊन सुरुवात केली. एकाला ते फार आवडलं आणि त्यानं चहा मागवला. दुसऱ्यानं विचारलं, "छोटी भाषा म्हणजे शाळेच्या पोरांसाठी का?" तिनं समजावलं. तिसऱ्यानं विचारलं, "या भाषेवर नोकरी लागते का?" ती म्हणाली, "भाषेवर नाही लागणार कदाचित, सर. पण विचार करायची जी सवय लागते, ती कुठल्याही भाषेत कामाला येते." तो म्हणाला, "सवयीचं प्रमाणपत्र नसतं, मॅडम." सगळे हसले.

मग अध्यक्षांनी प्रात्यक्षिक मागितलं. सरांच्या तक्त्यात थोरली पुढं होती, पण सभागृहाच्या संगणकावर तिनं स्वतःच्या पसंतीची मधलीच उतरवून घेतली होती. तिनं स्वतःचं नाव टाकलं. पडद्यावर आलं: सहा. तिथलंही इंजिन जुनंच होतं.

"म्हणजे चुकलं," अध्यक्ष म्हणाले.

"चुकलंच, सर. आणि का चुकलं, तेच मला दाखवायचं होतं. इंजिन नवं केलं की..."

नोकरीचा प्रश्न विचारणारे गृहस्थ मध्ये बोलले. अगदी सहज, मदत म्हणून. "मॅडम, उदाहरणाला एखादं सोपं नाव घ्या ना. जोडाक्षर नसलेलं. म्हणजे प्रश्नच येत न्हाई."

ती मला म्हणाली, "सर, तिथंपर्यंत मी शांत होते. खरंच."

"सर," ती मंडळाला म्हणाली, "नाव बदलायचं नसतं. प्रोग्राम बदलायचा असतो. माझ्या नावाला पहिलीपासून सगळे हेच सांगतात. सोपं घ्या, छोटं घ्या, नुसतं प्रिया घ्या. पोस्टात बसून माझ्या वडिलांनी हजारो लोकांची नावं वाचली, कधी कुणाला म्हणाले नाहीत की सोपं नाव ठेव, मग पत्र देतो. आपण शिक्षक आहोत. मशीनला जमत नसेल तर मशीनला शिकवायचं, का माणसाला कापायचं?"

चहा आला. अध्यक्षांनी तो तिच्यापुढं सरकवला, विचार करू म्हणाले, आणि त्यांनी विचार केला तो असा: वेगळा पेपर नको. आधीपासून शिकवतो त्याच मोठ्या भाषेच्या पुस्तकात फंक्शनलचा एक धडा घालू. तोही शेवटचा, म्हणजे वेळ उरला तर.

तिची जुनी वर्गमैत्रीण गौसिया नांदेडलाच राहते, घरून एका कंपनीचं प्रोग्रामिंग करते. धम्मप्रिया तिच्याकडं गेली ती पायताण काढायच्या आधीच बोलायला लागली. गौसियानं तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं.

"तू गलत ठिकाणी भांडून राहिली ना," गौसिया म्हणाली. "मंडळानं बनवली का ती भाषा? ज्यांनी बनवली त्यांना सांग. ओपन सोर्स आहे म्हणते ना? मग दार उघडं आहे. आत जा की."

"सांगितलं ना. अवलंबून आहे म्हणाले!"

"तू त्यांना शिव्या दिल्या का उदाहरणं दिली?"

धम्मप्रियानं जरा आठवून बघितलं. "शिव्या नाही दिल्या," ती म्हणाली.

लातूरला परत आल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. मला आता काम लागलं. जोडाक्षरांचे जेवढे प्रकार निघतील, तेवढे शब्द हवे होते. तऱ्हा, आश्चर्य, वैशिष्ट्य, मत्स्य, उद्घाटन, क्षण. मी सांगत गेलो, ती टाकत गेली. कुठल्या इंजिनात काय मोजलं जातं, काय मोजायला हवं, आणि मधोमध तोडलं तर कसं दिसतं. तिचा पहिला मसुदा मी वाचला आणि परत दिला.

"हे भांडण आहे, बाई. उत्तर लिहा."

तिनं पुन्हा लिहिलं आणि मधलीच्या कर्त्यांकडं पाठवलं.

आता खरा वैताग सुरू झाला. कुठल्याशा थंड देशातल्या एका सज्जन माणसानं विचारलं, मराठी वाचणाऱ्याला हे एकच अक्षर वाटतं याला काही छापील आधार आहे का? ती लॅपटॉप घेऊन तणतणत माझ्याकडं आली. मी माझ्या कपाटातलं व्याकरण काढून दिलं; तिनं त्या पानाचा फोटो आणि अर्थ पाठवला. दुसरा म्हणाला, इंजिन आमचं नाही, आम्ही त्यात हात घालणार नाही. हवं तर तुम्ही एक वेगळं पॅकेज लिहा, म्हणजे मधलीला जोडता येईल असा छोटा भाग. आम्ही आमच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख करू.

तिनं पॅकेज लिहिलं. पाय मोडलेलं अक्षर पुढच्याला जोडायचं, भारतातल्या सगळ्या लिप्यांना एकच नियम. पाठवून दिलं. तीन दिवसांत मदुराईच्या एका बाईंचं उत्तर आलं. फार थोडक्यात होतं: आमच्या तमिळमध्ये अक्षरं अशी जोडत नाहीत. डोक्यावर टिंब देऊन सुटीच लिहितो. तुमच्या पॅकेजनं माझं नाव चुकीचं मोजलं.

त्या दुपारी धम्मप्रियानं पंख्याखाली बसून ते उत्तर तीनदा वाचलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सर, मंडळातले ते गृहस्थ माझ्याशी वागले, तशी मी या बाईंशी वागले." मग एकदम तिला राग आला, स्वतःचाच. "आणि ही भाषाच अशी आहे ना, की एक डबा बदलायचा तर सगळे नवे भरा! आता सगळं पुन्हा लिहा!"

तिनं पुन्हा लिहिलं. प्रत्येक लिपीला तिचा नियम. मदुराईच्या बाईंनी तपासून दिलं, बंगाली कुणी भेटलं त्यानं बंगालीचं पाहिलं. त्या थंड देशातल्या माणसानं प्रोग्रामची मांडणी सुधारायला लावली, मग पुन्हा लावली. ती त्याला स्टाफरूममध्ये मराठीत काय काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण शेवटी पॅकेज मान्य झालं. माहितीपत्रकात उल्लेख आला, आणि चाचणीच्या शब्दांत 'धम्मप्रिया' होतं. पुढं चार.

तिनं घरी फोन लावला. मला पलीकडचं थोडं ऐकू येत होतं.

"बाबा, माझं नाव आता जगात कुठंही बरोबर मोजतंय."

"मोजायचं काय हाय त्यात?" व्यंकटराव म्हणाले. "लिवतंय का नीट, ते सांग."

ओळखपत्राचं म्हणाल, तर तिनं मधलीत केलेला प्रोग्राम कॉलेजला दाखवला. प्राचार्यांना आवडला. पण ठेकेदार बदलायला कुणी तयार नव्हतं. पुढच्या वर्षी ओळखपत्रं सरसकट इंग्रजीत निघाली. "आता प्रश्नच मिटला," बिराजदार सर म्हणाले. तिनं टेबलावरचा पेपरवेट उचलला. वकारनं तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला.

अभ्यासक्रमात तो धडा शेवटचाच राहिला आणि वेळ काही उरत नाही. म्हणून ती शनिवारी दुपारी, तास नसताना, लॅबमध्ये मधली शिकवते. कुणाला मार्क नाहीत, कुणाला प्रमाणपत्र नाही. तरी दहा-बारा पोरं येतात. निलंग्याचा बसवंत येतो. पहिल्या महिन्यात 'यात लूपच न्हाई, तेच काम पुन्हा पुन्हा करायचं तर लिहायचं कसं' म्हणून तिच्याशी हुज्जत घालायचा, आता नव्या पोरांनी तेच विचारलं की त्यांच्यावर डाफरतो. मी अधूनमधून मागं जाऊन बसतो. मला प्रोग्राम कळत नाहीत, पण चिडून शिकवणारी माणसं मला आवडतात. त्यांना पर्वा असते.

गेल्या शनिवारी देगलूरची शिवानी लॅपटॉप घेऊन पुढं आली. तिच्या मामाचं तिकडं दुकान आहे, गिऱ्हाईक निम्मं तेलुगू बोलणारं. मामासाठी दोन्ही भाषांत पाट्या छापायचा प्रोग्राम तिनं केला होता.

"मॅडम, मराठी बरोबर येतंय. तेलुगू शब्द मधेच तुटून राहिला."

धम्मप्रियानं पडद्याकडं पाहिलं. एकदा, दोनदा चालवून बघितलं. मग खुर्चीत मागं रेलून छताकडं बघत म्हणाली, "अगं, तेलुगूचं मी तपासूनच घेतलं नाही कुणाकडून!"

आणि स्टूल ओढून शिवानीला शेजारी बसवलं. "मला तेलुगू येत नाही. तू वाच. कुठं तुटायला नको, ते सांग."